आजोळचं माणूस

ता. ९ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कधीच मिळालं, पण शाळेच्या गणवेशांची ऑर्डर अंगावर होती आणि मशीनवरून मान वर करायला फुरसत नव्हती. आज शेवटचा गठ्ठा गेला आणि लगेच लिहायला बसले. आधी बाबांचं सांगते. परवा डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं आणि सांगितलं की फुप्फुसं आता फार साथ देणार नाहीत, उन्हाळा निघाला तरी पुष्कळ समजा. बाबांना मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. पण ते काय खुळे आहेत? जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले, कुठे काय गळतंय ते त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावलाय. ठोंब्याला लिही, तो दफ्तरखान्याच्या गावात राहतो, सुट्टीच्या दिवशी लोळत पडण्यापेक्षा तिथे जाऊन बस म्हणावं. आजीचं काम राहिलंय. तुला सगळं पाठ आहे, तरी पहिल्यापासून लिही म्हणाले, म्हणून लिहिते. साथीच्या साली आजी पाचेक वर्षांची असताना बालगृहात आली. तिला एवढंच आठवायचं की फाटकापर्यंत एका मोठ्या मुलाने तिचा हात धरला होता, आणि इथेच थांब, मी आलोच, असं सांगून तो निघून गेला. तो माझा भाऊ होता, हे ती छातीठोकपणे सांगायची. आईबापांची नावं, चेहरे, बाकी भावंडं, सगळं पुसलेलं. म्हातारपणीसुद्धा दारावर थाप पडली की आधी तीच उठायची, आठवतंय ना? आणि जाताना तिने बाबांकडून वचन घेतलं. माझे आईबाप कोण, भावंडं किती, ते शोध. आणि कोणी सापडलंच तर सांग, मी थांबले होते. बाबा हो म्हणाले. मग आपली शिक्षणं, घरचे खर्च, आणि ते राहूनच गेलं. आता रोज म्हणतात, आईसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

तर मेल्या, जा. बाबांना आजीने तिचंच आडनाव लावलं, आणि ते अख्ख्या गावात दुसऱ्या कोणाचं नाही, त्यामुळे शोधायला सोपं जाईल असं बाबांचं म्हणणं आहे. फोन करू नकोस. तुझा मालक कान टवकारून बसतो, आणि बाबांना फोनवरचं काही पटत नाही. डोळे गेल्यापासून त्यांना प्रत्येक पत्र दोनदा वाचून दाखवावं लागतं. एकदा बातमीसाठी आणि एकदा चवीसाठी, असं म्हणतात.

खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस. आमच्यावर माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी
ताई


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना उठवून बसव, पाठीला उशी दे, आणि मगच पुढे वाच. सापडले!

आता नीट सांगतो. इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. दफ्तरखाना म्हणजे तळघरातली लांबलचक खोली, बालगृहाच्या जुन्या वह्यांनी भरलेली. दिवे असे की आपलाच हात आपल्याला आजारी वाटावा. तिथल्या नोंदणीबाई एका वेळी एकच वही देतात, पेन बाहेर ठेवायला लावतात आणि शिंक आली तरी डोळे वटारतात. दुकानात वजनकाटे दुरुस्त करताना मला वाटायचं की माझ्याकडे चिकाटी आहे. ताई, इथे माझ्या नाकी नऊ आले. जुनी अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. दोन सुट्ट्या तर मी चुकीच्या सालाच्या वह्या चाळत होतो.

काल मात्र आजीची नोंद सापडली. वय, अंगावरचे कपडे, आणि बापाचं नाव! बाबा, तुमच्या आजोबांचं नाव मी माझ्या हाताने उतरवून घेतलंय. आडनाव आपलंच. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याच पानावर, त्याच तारखेला, तेच बापाचं नाव आणि तेच आडनाव असलेली आणखी दोन मुलं. त्यातला एक नऊ वर्षांचा. म्हणजे तोच, ताई! तो परत आला होता. आजीला फाटकाशी सोडून तो धाकट्याला आणायला गेला असणार, आणि आल्यावर त्या दोघांना मुलांच्या बाजूला घातलं असणार. नोंदणीबाई म्हणाल्या, मुलं आणि मुली यांच्यामध्ये भिंत होती आणि भेटायची परवानगी नसायची. आजी जन्मभर दाराकडे बघत बसली आणि भाऊ भिंतीपलीकडे जेवत होता. मी तिथेच रडलो. बाईंनी वही माझ्यापुढून सरकवून घेतली, भिजेल म्हणून.

धाकटा लवकरच वारला, तशी नोंद आहे. थोरल्याला पुढे बँडपथकात वाजवायला पाठवलं. त्याच पथकाच्या कचेरीत मी आज गेलो, आणि त्याचा मुलगा हयात आहे! बापासारखाच बँडवाला, आता निवृत्त. मी पत्ता घेतलाय, तुमच्याकडे या म्हणून त्यांनाही लगेच लिहितोय. बाबा, तुम्हाला मामेभाऊ आहे.

आईच्या नावाचा रकाना मात्र रिकामाच आहे. ते मी शोधतोच. आता हुरूप आलाय.

थोरलेपणाचा हात डोक्यावर ठेव, आणि जमलं तर मला ठोंब्या म्हणणं थांबव.

तुझा
ठोंब्या


ता. ६ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. आज दुप्पट.

तुझं पत्र बाबांनी दोनदा नाही, रोज वाचून घेतलं. शेवटी मला ते बघायचीही गरज राहिली नाही. तू लिहिल्याप्रमाणे बँडवाले काका रविवारी आले. बाबांनी त्यांना पहिल्या तासातच पिपाणीवाला करून टाकलं. त्यांची पिपाणी नाही, भलं मोठं पितळी वाद्य आहे, पण बाबांपुढे कोणाचं चाललंय!

माणूस बुजरा आहे रे. लग्न झालं नाही. बापाची माया अशी मिळालीच नाही, कारण बाप घरात मुका असायचा. दारात आले ते बूट हातात घेऊनच उभे राहिले, आत येऊ का असं दोनदा विचारलं. बाबांनी त्यांना जवळ बसवलं आणि हाताने त्यांचा चेहरा चाचपला. कपाळ, भुवया, नाक. आणि म्हणाले, नाक आईचं आहे. मग दोघे म्हातारे एकमेकांचे हात धरून बसून राहिले आणि मी उगाच स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसले. दुपारी त्यांनी खिडकीत उभं राहून वाद्य वाजवलं, तर खालच्या सायकल दुकानातली गिऱ्हाइकं रस्त्यावर येऊन वर बघायला लागली.

रात्री मी औषध द्यायला गेले तेव्हा बाबा म्हणाले की आता मी केव्हाही जायला मोकळा आहे, आईला सांगायला माझ्याकडे काहीतरी आहे. मला कसंसंच झालं, पण त्यांचा चेहरा इतका निवांत मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ठोंब्या, हे तू केलंस. आता मात्र आईच्या नावाचंही बघच. बाबा म्हणतात, आजोबा मिळाले आणि आजी राहिली हे बरं दिसत नाही.

अशीच ओढ राहू दे.

तुझी
ताई


ता. ११ मार्च

ती. दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नातेवाइकाला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ. मायना कसा लिहायचा ते खालच्या न्हाव्याला विचारलं. त्याने विचारलं, थोरले की धाकटे? मी म्हटलं, थोरले. असं ऐटीत सांगायला मिळालं याचंच मला बरं वाटलं.

सुखरूप पोचलो. तुमच्या कन्येने बांधून दिलेला डबा दोन दिवस पुरवून खाल्ला. माझ्या कोटाचं अस्तर तिने मी झोपलो असताना शिवून टाकलं, ते मला गाडीत बसल्यावर कळलं. खोलीत आपला दोघांचा फोटो लावलाय. घरमालक भाडं घ्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझा भाऊ. तो निघून गेल्यावर मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

दादा, एक गोष्ट तोंडावर विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो. माझे वडील लहानपणाबद्दल कधीच बोलले नाहीत. मी विचारलं की ताटावरून उठून जायचे. तुमच्याकडे आल्यावर कळलं की त्यांनी बहिणीला फाटकाशी उभं केलं होतं आणि ती जन्मभर थांबली. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तुमच्या मातोश्रींनी त्यांच्याबद्दल कधी काही सांगितलं का? त्यांच्यावर राग होता का? असला तरी लिहा. मला वडिलांबद्दल काहीही चालेल, वाईट असलं तरी चालेल. माझ्याकडे त्यांचं काहीच नाही.

मला कोणीतरी आहे याची अजून सवय व्हायची आहे, तोवर सांभाळून घ्या.

आपला
पिपाणीवाला


ता. २० मार्च

ताई,

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच आणि नंतर काय ते ठरव. मायना लिहायला हात धजत नाही.

आजीच्या आईचं नाव शोधायला मी गेलो होतो. त्या पानावर काही मिळेना म्हणून पुढची पानं चाळली, मागची चाळली. एका ठिकाणी एकाच तारखेला एका बापाची सात मुलं दिसली, सगळी चार वर्षांची. मला हसू आलं. म्हटलं, काय गडी आहे! आणि मग हसू थांबलं, कारण त्याचं आडनाव आपलंच होतं आणि नाव तेच, आजीच्या बापाचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच बाप. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा.

मी नोंदणीबाईंकडे गेलो. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. साथीत बिननावाची मुलं ढिगाने यायची. बापाचा रकाना मोकळा ठेवला तर वरचे साहेब वही परत पाठवायचे. म्हणून बालगृहाने रीत पाडली. ज्या दिवशी जो दरवान फाटकावर असेल, त्याचं नाव बापाच्या रकान्यात आणि त्याचंच आडनाव त्या दिवशीच्या सगळ्या मुलांना. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, तुम्ही एवढे खूश होतात, आणि मला तुम्ही काही विचारलंही नाही. त्यांच्यावर चिडायचं तरी कशाला?

ताई, ज्या आडनावाची आपण एवढी ऐट मिरवली ते एका दरवानाचं आहे. त्याचा आपला काडीचा संबंध नाही. तो नऊ वर्षांचा मुलगाही आजीचा भाऊ नव्हे. दवाखान्याच्या लोकांनी त्याला सकाळीच नदीपलीकडून नावेने आणलं होतं, आणि आजी आली संध्याकाळी. तशी वेगळी नोंद आहे, मी ती चार वेळा वाचली. आजीला ज्याने सोडलं तो मुलगा कुठल्याच वहीत नाही. तो आत आलाच नाही. तो कोण, कुठे गेला, वाचला की नाही, याचा कागद या जगात नाही. बाईंनी मला बाकीच्या सगळ्या वह्याही दाखवल्या, दयेपोटी असेल. मी हात टेकले. आजीचे आईबाप, भावंडं, कोणीही सापडणार नाही. आता नाही आणि कधीच नाही.

त्या बिचाऱ्या बँडवाल्या काकांना मी अजून काही कळवलेलं नाही. बाबांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. तूच बघ.

ठोंब्या


ता. २६ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

पोस्टमन तुझं पाकीट घेऊन जिन्यातूनच ओरडला, लेकाचं पत्र आलंय! मग काय, माझी सुटका कुठली? बाबा उशीला टेकून तयार. पहिलीच ओळ होती, वाचून दाखवू नकोस. मी कोरा चेहरा केला आणि मनानेच वाचत सुटले. दुकानात काम वाढलंय, उकाडा फार आहे, आजीच्या आईचं नाव अजून मिळत नाही पण आशा आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. मग कूस बदलून झोपले.

मी सांगणार नाही. सांगून काय मिळवायचंय? डॉक्टर आता आठवड्यांची भाषा बोलतात. त्यांना असंच निवांत जाऊ दे. तूही तोंड शिवून बस. रात्री तुझं खरं पत्र मी मोरीत बसून वाचलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. आजीसाठी रडले की बाबांसाठी, मलाच कळत नव्हतं.

जपून राहा.

ताई


ता. ५ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना कळलं. मी सांगितलं नाही, त्यांनीच पकडलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाचताना मी म्हटलं होतं की तुझ्या दुकानात काम वाढलंय. दुसऱ्यांदा वाचताना म्हटलं की काम मंदावलंय म्हणून तुला दफ्तरखान्यात जायला वेळ मिळतो. कुठलं पत्र दोन वाचनांत बदलतं? त्यांनी ते मनात टिपून ठेवलं. काल आंघोळ घालताना अचानक म्हणाले, पत्रात खरं काय होतं ते आता सांग. आधी मी उडवून लावलं. त्यांनी माझं मनगट धरलं. हातात ताकद उरलेली नाही, पण मला सोडवून घेता आलं नाही.

मी सगळं वाचून दाखवलं. दरवान, रकाना, नाव, सगळं. पुन्हा वाच म्हणाले नाहीत. मग एवढंच विचारलं की म्हणजे आता मी आईला काय सांगू? मी टॉवेलने त्यांची पाठ पुसायला घेतली. रात्री जेवले नाहीत, आज सकाळीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुला शोध थांबवायला सांगितलंय. म्हणाले, पोराला म्हणावं, तू कसूर केली नाहीस, आता घरी राहा आणि झोप काढ.

दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि पिपाणीवाल्याचं पत्र पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी जे विचारलंय त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, ते मीही विसरले होते. मी म्हटलं, आता खरं काय ते त्यांनाही लिहावं लागेल, निदान बापाने बहिणीला सोडलं हा डाग तरी त्यांच्या मनातून जाईल. बाबा एकदम खेकसले. डाग जाईल आणि माणूस पण जाईल, म्हणाले. मग मला कागद घ्यायला लावला. त्यांनी सांगितलं तसंच मी लिहिलं, मध्ये धाप लागली की थांबत थांबत. आजीला त्या भावाचं नावसुद्धा आठवत नव्हतं, हे तुला मला ठाऊक आहे. त्या पत्राची नक्कल सोबत पाठवते. उद्या कधी काकांशी गाठ पडली तर तुझ्या तोंडून वेगळं निघायला नको.

रजा मिळत असेल तर ये. मिळत नसेल तरी ये.

तुझी
ताई


ता. ५ एप्रिल

चि. पिपाणीवाल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर पोरीचं आहे, बोलतोय मी. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, छातीने दगा दिला. मनाला लावून घेऊ नकोस.

तू विचारलंस, माझी आई तुझ्या वडिलांबद्दल कधी बोलली का. अरे वेड्या, तिला दुसरा विषय होता का? आम्ही लहानपणी कंटाळायचो. ती सांगायची, भाऊ पावाचा मोठा तुकडा मला द्यायचा आणि मला भूकच नाही अशी थाप मारायचा. कुत्र्याला स्वतः घाबरायचा, पण ती बरोबर असली की तिला मागे घालून पुढे व्हायचा. सारखा शीळ घालायचा, रस्त्यातून जाताना, झोपताना. म्हणून तू वाजवणारा झालास याचं मला नवल वाटलं नाही. तुझ्या वडिलांची शीळ मोडली कधी आणि ते मुके झाले कधी, ते मला ठाऊक नाही. मुलाला भिंतीपलीकडे बहीण असेल आणि जाता येत नसेल, तर बोलण्यासारखं राहतं तरी काय?

रागाचं विचारशील तर राग नव्हता. कधीच नव्हता. ती म्हणायची, तो मला सोडून गेला नाही, तो मला सुरक्षित जागी ठेवून गेला. जाताना तिने मला बजावलं की भावाचं कोणी भेटलं तर त्याला परकं समजू नकोस. तेव्हा आता जेवत जा नीट.

लवकर येऊन जा. उन्हं उतरल्यावरची गाडी घे आणि वाद्य आण, आमच्या खालची सायकलवाली मंडळी विचारतात. मला आता फार वाट बघता येईल असं दिसत नाही, आणि आजोळचं म्हणावं असं तुझ्याशिवाय मला कोणी नाही.

कळावे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
आतेभाऊ